गिटार गप्प राहते तेव्हा

१९७९ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘अँथ्रॅक्स’ हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा हेडफोनमध्ये काहीतरी बिघाड झाला असावा असे मला वाटले होते. सुरुवातीचा बराच वेळ एकटी गिटार नुसती गुरगुरत आणि किंचाळत राहते. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा गिटारच्याच तारांना हलवू लागला की जो फीडबॅक निर्माण होतो, आणि जो टाळण्यासाठी प्रत्येक मंडपातला साऊंडवाला धडपडत असतो, तोच येथे मुद्दाम वाढू दिलेला आहे. मग ड्रम आणि बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, येतात. त्यानंतर एका कानात एक माणूस गाऊ लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्या कानात दुसरा माणूस, बातम्या वाचाव्यात अशा सपाट स्वरात, भलतेच काही बोलू लागतो. गाणाऱ्याचे म्हणणे असे की प्रेमात पडणे म्हणजे अँथ्रॅक्स जडण्यासारखे आहे, म्हणजे आपल्याकडे गुराढोरांना होणारा जो रोग काळपुळी किंवा फाशी या नावांनी ओळखला जातो, तो होण्यासारखे. बोलणारा मात्र शांतपणे विचारतो की बहुतेक बँड प्रेमगीतेच का गातात, आणि दोन माणसांमध्ये जे घडते त्याभोवती एवढे गूढ वलय कशासाठी हवे. एकाकडे लक्ष द्यावे तर दुसऱ्याचे शब्द निसटतात. हेडफोन ठीकच होता.

हे गाणे गँग ऑफ फोर या बँडचे आहे. ‘पोस्ट-पंक’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न विचारला गेला की जॉय डिव्हिजन किंवा द क्युअर ही नावे आधी घेतली जातात आणि ती योग्यच आहेत. परंतु ही संज्ञा समजून घ्यायची असेल तर मला लीड्स शहरातला हा कमी प्रसिद्ध बँड अधिक उपयोगाचा वाटतो. राजकीय गाणी लिहिणारे बँड पुष्कळ होते. या चौघांनी मात्र आपले राजकारण वाद्यांच्या मांडणीतच बसवले, इतके की शब्द काढून टाकले तरी त्यांचा युक्तिवाद बऱ्याच अंशी ऐकू येतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत इंग्लंडमध्ये पंक रॉकने जी धांदल उडवली, तिचा मुख्य संदेश असा होता की संगीत करण्यासाठी कोणाची परवानगी आणि फारसे कौशल्य लागत नाही. संदेश क्रांतिकारक होता, पण त्यामागचे संगीत तसे जुनेच होते. वेग वाढवलेले, आवाज चढवलेले रॉक अँड रोल. सेक्स पिस्तल्स हा पंकचा सर्वांत गाजलेला बँड १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दौऱ्यात फुटला, तोपर्यंत अनेक तरुणांना हे जाणवू लागले होते की बंडाची भाषा नवी आणि चाल जुनी ही विसंगती आहे. पंकने मोकळ्या करून दिलेल्या जागेत या मुलांनी जमैकाचे डब संगीत, अमेरिकन कृष्णवर्णीयांचे फंक, डिस्को, कलाशाळेतले सिद्धान्त, असे जे हाती लागले ते आणून ठेवले. त्या सगळ्या खटाटोपाला पुढे पोस्ट-पंक हे नाव चिकटले. त्यामुळे पोस्ट-पंकला एक ठरलेली शैली नाही. जॉय डिव्हिजनचा उदास घुमारा आणि गँग ऑफ फोरचा कोरडा खणखणाट एकाच नावाखाली बसतात, ते दोघांनाही तोच प्रश्न पडला होता म्हणून.

जॉन किंग आणि अँडी गिल हे दोघे केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स येथील शाळेपासूनचे मित्र, आणि लीड्स विद्यापीठाच्या ललित कला विभागातही ते एकत्रच शिकत होते. हा विभाग त्या काळात एखाद्या भट्टीसारखा तापलेला होता. १९७६ मध्ये टी. जे. क्लार्क हे कला-इतिहासकार तेथे विभागप्रमुख म्हणून आले. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकलेकडे वर्ग, पैसा आणि सत्ता यांच्या अंगाने पाहणारे हे अभ्यासक पूर्वी सिच्युएशनिस्ट या गटाशी संबंधित होते. या गटाचे म्हणणे अगदी सोपे करून सांगायचे तर असे की आधुनिक समाजात माणूस जगण्याऐवजी जगण्याचा देखावा विकत घेतो, आणि सुट्टी, प्रेम, बंड, सगळ्याचीच पाकीटबंद वस्तू होते. चित्र पाहताना हे चित्र कोणासाठी काढले, पैसे कोणी दिले आणि त्यात काय दाखवायचे टाळले आहे, हे प्रश्न विचारायला शिकलेल्या मुलांनी तेच प्रश्न रॉक संगीताला विचारावेत, यात नवल नव्हते. त्यातच १९७६ मध्ये दोघांनी न्यू यॉर्कची वारी केली आणि तेथील सीबीजीबी या क्लबमध्ये नव्या वळणाचे बँड जवळून पाहिले.

बाहेरचे लीड्सही शांत नव्हते. कापडगिरण्यांवर वाढलेले हे शहर उतरणीला लागले होते, नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष रस्त्यावर दिसू लागला होता, आणि ‘यॉर्कशायर रिपर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या खुन्याच्या दहशतीमुळे बायकांना संध्याकाळनंतर घराबाहेर पडणे धोक्याचे वाटत होते. गँग ऑफ फोर, द मेकॉन्स आणि डेल्टा ५ हे बँड याच विद्यापीठाच्या वर्तुळातून निघाले, आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वर्णद्वेषविरोधी चळवळीच्या व्यासपीठांवरही वाजवत राहिले.

बँडचे नाव मेकॉन्समधल्या अँडी कॉरिगनने सुचवले. ऑक्टोबर १९७६ मध्ये, माओच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, चीनमध्ये माओच्या पत्नीसह चार नेत्यांना अटक झाली आणि ‘गँग ऑफ फोर’ हे शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. मराठीत त्याला चांडाळचौकडीच म्हणावे लागेल. नावात विनोद होता, थोडा खोडसाळपणा होता, आणि बँडमध्ये माणसेही चारच होती. गाणारा किंग, गिटारवर गिल, ड्रमवर ह्यूगो बर्नहॅम, आणि बेसवर काही काळानंतर आलेला डेव्ह अ‍ॅलन. हा अ‍ॅलन विद्यापीठाच्या वर्तुळातला नव्हता. ‘जलद ऱ्हिदम अँड ब्लूज बँडला जलद बेसवादक हवा’ अशा अर्थाची, मुद्दाम अशुद्ध उच्चाराप्रमाणे लिहिलेली जाहिरात वाचून तो आला. तो इतरांपेक्षा तयारीचा वादक होता, आणि आल्यावर त्याला पहिली सूचना मिळाली ती कमी वाजवण्याची.

ही सूचना नीट समजून घेतली की बँड समजतो, म्हणून येथे थोडे थांबतो. नेहमीच्या रॉक बँडमध्ये एक उतरंड असते. गायक सर्वांत पुढे, गिटारवादक त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि बेस व ड्रम मागे राहून या दोघांना आधार देणार. गिटार सतत वाजत राहते, एखाद्या भिंतीसारखी, आणि मध्ये कोठे तरी गिटारवादकाला आपले कसब दाखवण्यासाठी स्वतंत्र जागा दिली जाते. गँग ऑफ फोरने ही उतरंडच मोडायची ठरवली. चारही वाद्यांचा दर्जा सारखा असला पाहिजे, असे तत्त्व त्यांनी घेतले, आणि ते पाळायचे तर कोणीही सगळी जागा व्यापून चालणार नव्हते. म्हणून त्यांच्या गाण्यांत बेस आणि ड्रम पुढे येऊन गाणे नाचते ठेवतात, गिटार मध्येच एक कचकचीत तुकडा फेकते आणि गप्प होते. हे गप्प होणेच महत्त्वाचे आहे. आपल्या तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते. तेथे टाळी पडत नाही, हात नुसता हवेत फिरतो, पण ती मात्रा मोजलेली असते आणि तिच्यावाचून ताल उभा राहत नाही. गिलची गिटार अशा खाली जागा जाणीवपूर्वक तयार करते. त्याने एकल वादनाला जागा ठेवली, पण त्या जागी बहुधा गिटार थांबते आणि उरलेले तिघे ऐकू येतात. एका अर्थाने ही उलटी सोलो होय.

ही कल्पना त्यांनी हवेतून आणली नव्हती. जमैकाच्या डब संगीतात ध्वनिमुद्रणानंतर एकेक वाद्य काढून घेऊन रिकामी जागा हेच मुख्य वाद्य बनवले जाते, आणि सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये, कॅरिबियन स्थलांतरितांच्या वस्त्यांमुळे, हे संगीत सहज कानावर पडत होते. फंकमध्ये गिटार सुरांपेक्षा तालाचे काम करते. गिलचा तिसरा गुरू मात्र अस्सल इंग्लिश होता, डॉक्टर फीलगुड या बँडचा विल्को जॉन्सन, जो टेलिकास्टर गिटार कुऱ्हाड चालवावी तशी तोडून तोडून वाजवी आणि रंगमंचावर डोळे वटारून पुढे-मागे सरकत राही. गिलने त्याचे तुकडे घेतले आणि त्यातला ब्लूजचा ओलावा पार पिळून काढला.

आवाजाचा कोरडेपणाही ठरवून आणलेला होता. बहुतेक रॉक गिटारवादकांना व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर प्रिय असतात, कारण त्यांतून येणारा आवाज किंचित फाटतो आणि गोलसर, ऊबदार होतो. गिलने थंड आणि धारदार आवाजाचे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर पसंत केले. ध्वनिमुद्रणात आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा वाटावा म्हणून जी कृत्रिम आस दिली जाते, तीही जवळजवळ टाळली. त्यामुळे ही गाणी ऐकताना वादक एखाद्या रिकाम्या, पांढऱ्या खोलीत हातभर अंतरावर उभे असल्यासारखे वाटतात. बर्नहॅमचे ठेकेही नेहमीच्या सवयीने हात जेथे जाईल तेथे जाऊ नये अशा बेताने, तुकड्यातुकड्याने रचलेले असत. तालमीत सगळ्यांनी मिळून सुचेल ते वाजवत बसायचे आणि त्यातून गाणे निघेल अशी वाट पाहायची, ही रॉक बँडांची लाडकी पद्धत या मंडळींना नामंजूर होती. मराठी रंगभूमीशी परिचय असलेल्यांना येथे जर्मन नाटककार ब्रेख्त आठवेल. प्रेक्षकाने वाहवत जाऊ नये, आपण एक रचलेली गोष्ट पाहत आहोत हे त्याने विसरू नये, हाच हेतू. फरक एवढाच की या रचलेल्या गोष्टीवर लोक घाम गाळून नाचत होते.

ऑक्टोबर १९७८ मध्ये त्यांची पहिली तबकडी ‘डॅमेज्ड गुड्स’ एडिनबरा येथील बॉब लास्ट यांच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या कंपनीने काढली. तीन गाण्यांच्या या तबकडीचे वेष्टन गाण्यांइतकेच बोलके आहे. वर्तमानपत्रातले बैलझुंजीचे एक छायाचित्र बँडला वेष्टनावर हवे होते, आणि त्यात मॅटाडोर व बैल यांच्या तोंडी संवाद घालायचे होते. मॅटाडोर म्हणणार की आपण दोघेही करमणुकीच्या धंद्यात आहोत, लोकांना हवे ते दिले पाहिजे, मला हे आवडत नाही पण नोकरीपेक्षा दुप्पट मिळतात. आणि बैल उत्तर देणार की कधीतरी आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी लागेल. या सूचनांचे पत्र आणि कात्रण लास्ट यांच्याकडे पोहोचले, तेव्हा त्यांनी सांगितल्याप्रमाणे चित्र न करता ते पत्र आणि कात्रणच वेष्टनावर छापून टाकले. वस्तू कशी तयार होते हे दाखवणारी वस्तू हवी असलेल्या बँडला याहून चोख उत्तर मिळाले नसते. शीर्षकगीत एका संबंधाच्या शेवटाबद्दल आहे, आणि त्यातली सारी भाषा दुकानातली आहे. मालाची किंमत, खराब निघालेला माल, परत पाठवणे.

त्यानंतर बँडने केलेली गोष्ट अनेक चाहत्यांना खटकली. छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडे राहण्याऐवजी ते थेट ईएमआय या बड्या कंपनीकडे गेले. त्यांची बाजू अशी होती की बाजाराबाहेर उभे राहून बाजारावर टीका करता येते हाच एक भ्रम आहे, आणि छोटी कंपनीही शेवटी माल विकतेच. मला हा युक्तिवाद प्रामाणिक वाटतो. सोयीचा होता हेही खरे.

सप्टेंबर १९७९ मध्ये ‘एंटरटेनमेंट!’ हा पहिला अल्बम आला, आणि तो खपाच्या ब्रिटिश यादीत ४५ व्या क्रमांकापर्यंत गेला. लालभडक मुखपृष्ठावर एक काउबॉय आणि एक रेड इंडियन हस्तांदोलन करत असल्याची तीच ती आकृती तीनदा येते, आणि भोवतीचा मजकूर सांगतो की इंडियन हसतो आहे, कारण काउबॉय आपला मित्र आहे असे त्याला वाटते. काउबॉय हसतो आहे, कारण इंडियन फसला याचा त्याला आनंद झाला आहे. आता त्याला लुबाडता येईल. आतली गाणी याच नजरेने घरात शिरतात. ‘नॅचरल्स नॉट इन इट’ हे फावल्या वेळाचे काय करावे या प्रश्नापासून सुरू होते आणि आपल्या सुखाच्या कल्पना कोणी घडवल्या हे विचारत जाते. ‘ईथर’ उत्तर आयर्लंडच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाबद्दल आहे, आणि त्यात एक आवाज सुखासीन सुट्टीबद्दल तर दुसरा कोठडीबद्दल गातो. ‘५.४५’ मध्ये संध्याकाळच्या चहाच्या वेळी टीव्हीवर रक्त पाहत बसलेला माणूस आहे, आणि तेथे किंग मेलोडिका हे तोंडाने फुंकायचे, पेटीसारख्या पट्ट्यांचे छोटे वाद्य वाजवतो, जे पुन्हा डब संगीतातूनच आलेले आहे. या गाण्यांत कोणी बाहेरचा खलनायक नाही. गाणारा स्वतःच सोफ्यावर बसलेला आहे, स्वतःच खरेदीला निघाला आहे, आणि त्याला काहीतरी बोचते आहे एवढेच. दुसऱ्याला उपदेश करणाऱ्या निषेधगीतांपेक्षा ही गाणी आजही कमी शिळी वाटतात, ती मला वाटते याचमुळे. सर्व गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे दिलेले आहे.

त्याच वर्षी त्यांचा मोठा खोळंबाही झाला. ‘अ‍ॅट होम ही’ज अ टूरिस्ट’ हे त्यांचे गाणे यादीत वर सरकू लागले आणि बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दर आठवड्याच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. हा कार्यक्रम त्या काळी इंग्लंडमध्ये घरोघरी पाहिला जाई, आणि एकदा दर्शन दिले की खप वाढे. गाण्यात निरोधासाठी ‘रबर्स’ हा बोलीभाषेतला शब्द होता. बीबीसीला तो चालणार नव्हता. बँडने ‘पॅकेट्स’ असा बदल मान्य केला, तर अधिकाऱ्यांनी ‘रबिश’ हा शब्द सुचवला, जेणेकरून बदल केल्याचे कोणाच्या ध्यानात येऊ नये. शब्द बदलणे एक वेळ ठीक, पण बदल लपवायचा हे त्यांना पटले नाही आणि ते तालीम सोडून निघून गेले. गाणे ५८ व्या क्रमांकाच्या वर गेले नाही, आणि कंपनीचा उत्साहही मावळला. तात्त्विकदृष्ट्या ते बरोबर होते. व्यवहार मात्र त्या दिवशी जो हातून गेला तो पुन्हा आला नाही.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येईल. १९८१ मध्ये ‘सॉलिड गोल्ड’ आला, अधिक जड आणि अंधारा. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यातच अ‍ॅलन बाहेर पडला आणि त्याने श्रीकबॅक हा बँड काढला. त्याच्या जागी काही काळाने सारा ली आली. १९८२ मध्ये ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’ हे सैनिकी रुबाबाची टर उडवणारे, डिस्कोच्या वळणाचे गाणे रेडिओवर चालू लागले होते. तेवढ्यात फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी युद्ध पेटले आणि बीबीसीने ते वाजवणे बंद केले. अमेरिकेतल्या नृत्यक्लबांमध्ये मात्र ते जोरात चालले. नंतर बर्नहॅमलाही बाहेर पडावे लागले, १९८३ च्या ‘हार्ड’ या अल्बममध्ये मायामीचा गुळगुळीत आवाज आला, आणि १९८४ मध्ये बँड विसर्जित झाला. ज्या बँडची सारी ताकद चौघांच्या समान भागात होती, त्यातले दोन भाग निघून गेल्यावर उरलेले दोघे फक्त एक बरा बँड होते, असे माझे मत आहे.

त्यांच्या कल्पना मात्र त्यांच्याहून लांब गेल्या. कॅलिफोर्नियातील रेड हॉट चिली पेपर्स या बँडचा पहिला अल्बम १९८४ मध्ये गिलनेच निर्माता म्हणून केला. आर.ई.एम. हा बँड सुरुवातीच्या काळात त्यांच्या कार्यक्रमांआधी वाजवत असे. २००० नंतर फ्रान्झ फर्डिनांड, ब्लॉक पार्टी, द रॅप्चर अशा बँडांनी तीच तोडलेली गिटार आणि तोच नाचता बेस पुन्हा लोकप्रिय केला, तेव्हा मूळ चौघे २००४ मध्ये एकत्र आले. २००५ साली त्यांनी ‘रिटर्न द गिफ्ट’मध्ये आपलीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली, ज्यामुळे निदान या नव्या मुद्रणांवर जुन्या कंपनीचा हक्क राहिला नाही. त्या काळातल्या कार्यक्रमांत ‘ही’ड सेंड इन द आर्मी’ या गाण्याच्या वेळी किंग मंचावर ठेवलेल्या एका मायक्रोवेव्ह ओव्हनवर दंडुका हाणत असे आणि तो आवाज ठेक्याचा भाग होई. घरगुती उपकरणाचे इतके थेट संगीत दुसरे मला माहीत नाही.

त्यानंतर काही वर्षांतच ‘नॅचरल्स नॉट इन इट’ हे गाणे मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या खेळण्याच्या उपकरणाच्या टीव्ही जाहिरातीत वाजले. फावल्या वेळाची वस्तू कशी होते हे सांगणारे गाणे फावल्या वेळाची वस्तू विकू लागले. चाहते चिडले. मला त्यात विश्वासघातापेक्षा गाण्याच्या म्हणण्याचा पुरावाच जास्त दिसतो, पण मान्य करतो की जाहिरात पाहताना हसू आले नाही.

२०१२ मध्ये किंग बाहेर पडला आणि गिल नव्या वादकांना घेऊन त्याच नावाने वाजवत राहिला. १ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रन द ज्युअल्स या अमेरिकन रॅप जोडीच्या अल्बममधील एका गाण्यात ‘ईथर’मधली त्याची गिटार नमुना म्हणून वापरलेली होती. पुढे किंग आणि बर्नहॅम पुन्हा एकत्र आले आणि २०२५ मध्ये निरोपाच्या दौऱ्यावर निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅलनचाही मृत्यू झाला. या दौऱ्यात गिलच्या जागी टेड लिओ हा अमेरिकन गिटारवादक उभा होता, आणि बेसवर गेल ग्रीनवुड. ज्या गाण्यांत दर दोन ओळींनंतर हात तारांवरून उचलून धरायचा असतो, त्यांचा सराव करताना लिओला सुरांइतकीच मोजणीही पाठ करावी लागली असणार.